मस्टँगचे मागचे डिफरेन्शियल निवडताना: आधी टायर, मग कुलूप, मग रेशो

फोर्ड कंपनीची फॉक्स पिढीतील मस्टँग १९७९ ते १९९३ या काळात तयार झाली, आणि तिच्या पाच लिटरच्या व्ही-८ गाड्यांना १९८६ पासून मागे ८.८ इंची डिफरेन्शियल मिळू लागले. त्याआधीचे ७.५ इंची होते. हा आकडा हाउसिंगच्या, म्हणजे डिफरेन्शियलच्या बाहेरच्या कवचाच्या, आतील सर्वांत मोठ्या दातेरी चाकाचा, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला क्राउन म्हणतात त्याचा, व्यास सांगतो. या गाड्यांची मूळ क्लच-प्लेटची डिफरेन्शियले आता झिजलेली आहेत आणि त्यांच्याऐवजी बसवता येतील अशी इतकी वेगवेगळी डिफरेन्शियले अमेरिकेच्या बाजारात मिळतात की नवा मालक गोंधळून जातो. मी अमेरिकेत राहतो, माझ्याकडे १९९१ ची अशीच एक गाडी आहे, आणि ती निवड मी एकदा चुकीच्या क्रमाने केलेली आहे. म्हणून हा विषय मुळापासून मांडावासा वाटतो. येथे विचार रस्त्यावर चालणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या आणि वर्षातून दोन-चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचा आहे. केवळ शर्यतीसाठी राखलेल्या गाडीचे गणित वेगळे असते.

डिफरेन्शियल कशासाठी असते, हे समजण्यासाठी जुन्या खळ्यावरची मळणी आठवावी. तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असते तेव्हा तिवड्याजवळचा बैल संथ पावले टाकतो आणि कडेच्या बैलाला जवळजवळ धावावे लागते, कारण फेरी एकच असली तरी दोघांच्या वाटेची लांबी वेगळी असते. गाडी वळताना मागच्या दोन चाकांचे हेच होते. या मस्टँगची मागची दोन चाके एकमेकांपासून साधारण १.४५ मीटर अंतरावर आहेत. गाडी काटकोनात वळली की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.२८ मीटर जास्त अंतर कापते, मग ते वळण अरुंद गल्लीचे असो की मोठ्या रस्त्याचे. चाकाचा घेर सुमारे २.०५ मीटर आहे. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरच्या चाकाला एका पूर्ण फेऱ्याहून अधिक जादा फिरावे लागते. दोन्ही चाके एकाच सळईवर घट्ट बसवली असती, तर हा फरक टायर घासूनच भरून निघाला असता.

साध्या, म्हणजे ज्याला ओपन म्हणतात त्या डिफरेन्शियलमध्ये हा फरक सांभाळण्याचे काम स्पायडर गिअर नावाची छोटी दातेरी चाके करतात. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियनला, म्हणजे टोकाच्या लहान दातेरी चाकाला, फिरवतो, पिनियन क्राउनला फिरवतो आणि क्राउनला जोडलेल्या पेटीत बसलेले स्पायडर गिअर दोन्ही अ‍ॅक्सलना ओढून नेतात. एक अ‍ॅक्सल मागे पडू लागला, तर स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरून दुसऱ्याला तेवढाच पुढे जाऊ देतात. ही रचना अतिशय टिकाऊ आहे आणि जगातील बहुसंख्य गाड्या तिच्यावरच चालतात.

तिच्यातील उणीव मात्र नेहमी चुकीच्या शब्दांत सांगितली जाते. घसरणाऱ्या चाकाकडे सगळा जोर निघून जातो, असे म्हणतात. प्रत्यक्षात ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे सारखाच फिरवणारा जोर देते, आणि अडचण या सारखेपणातच आहे. एक चाक ओल्या रंगाच्या पट्ट्यावर आहे आणि ते घसरण्याआधी फक्त २०० न्यूटन-मीटर टॉर्क सोसू शकते, असे समजा. दुसरे चाक कोरड्या डांबरावर असून १५०० सोसू शकते. तरीही दुसऱ्याला २००च मिळतील, आणि दोन्ही मिळून गाडीला ४००. दुबळ्या चाकाची कुवत हीच दोघांचीही कुवत ठरते. काळ्या मातीच्या चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचे एक चाक नुसते गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही, ते याच कारणाने. तेथे चालक डिफरेन्शियल लॉकचे पेडल दाबतो, दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण चिखलाबाहेर आल्यावर तो पाय काढून घेतो, नाहीतर ट्रॅक्टर नीट वळणार नाही. वेगवान गाडीसाठी आपण जे शोधतो ते या दोन टोकांच्या मधले असते: वळू देणारे, पण दुबळ्या चाकाच्या ताब्यात न जाणारे. त्यालाच लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल म्हणतात, आणि शीर्षकातले कुलूप ते हेच.

मस्टँगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड नळीचा आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच कडक हाउसिंगला जोडलेली आहेत. प्रोपेलर शाफ्ट जोरात पीळ देतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून हे हाउसिंग एका बाजूला कलंडू पाहते आणि मागच्या उजव्या चाकावरचा भार कमी होतो. म्हणून जागेवरून झेप घेताना आधी उजवे चाक घसरते, सरळ आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा. फोर्डने या गाड्यांच्या डिफरेन्शियलमध्ये ट्रॅक्शन-लॉक नावाच्या क्लच-प्लेट घातल्या होत्या, त्या उगाच नव्हे. त्या झिजल्या की रस्त्यावर दोनऐवजी एकच काळा पट्टा उमटू लागतो. माझ्या गाडीने तो उमटवला तेव्हा मी शहाणपणाने आधी टायर पाहायला हवे होते. मी थेट डिफरेन्शियलच्या जाहिराती वाचू लागलो.

जोर जास्त की पकड कमी?

टायरकडे आधी का पाहायचे, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होते. १९९१ च्या पाच लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क ३०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर आहे. पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५ पटीचा आहे आणि कारखान्यातून येणारा मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे होणारे प्रोपेलर शाफ्टचे फेरे, २.७३ किंवा ३.०८ असे. ३.०८ धरला तर तिघांचा गुणाकार सुमारे ४२०० न्यूटन-मीटर होतो. २२५/६० आर १५ या मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३२.५ सेंटिमीटर, त्यामुळे जमिनीवर सुमारे १३०० किलो वजनाइतका ढकलणारा जोर उरतो. वाटेतील घर्षणाचे १५ टक्के वजा केले तरी तो ११०० किलोच्या आसपास राहतो.

आता पकडीची बाजू पाहू. चालकासह गाडीचे वजन सुमारे १५०० किलो आहे. त्यातील साधारण ४३ टक्के मागच्या चाकांवर असते आणि वेग घेताना मागे सरकणारा भार मिळवला तर दोन्ही चाकांवर मिळून ८०० किलोच्या जवळ येते. चांगला रस्त्याचा टायर आपल्यावरच्या भाराइतकाच किंवा त्याहून थोडा कमी जोर जमिनीला देऊ शकतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन ११०० किलोचा जोर देते आणि टायर फार तर ७०० ते ८०० किलोचा जोर झेलतात. २.७३ चा रेशो असला तरीही इंजिनच वरचढ ठरते.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खिशाशी निगडित आहेत. पहिला असा, की सात-आठ वर्षांचे कडक झालेले टायर तसेच ठेवून कितीही महाग डिफरेन्शियल घातले, तर आधी एक चाक घसरत होते तेथे आता दोन घसरतील, आणि ओल्या रस्त्यावर मागची दोन्ही चाके एकदम घसरणे हे एक घसरण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण न घसरणारे दुसरे चाक गाडीचा मागचा भाग सरळ धरून ठेवत असते. दुसरा निष्कर्ष असा, की जागेवरून झेप घेण्यासाठी अधिक रेशो घ्यावा हा समज पहिल्या गिअरपुरता निराधार आहे. तेथे जोराची उणीव मुळी नाहीच. टायरबरोबरच मागच्या कंट्रोल आर्मचे, म्हणजे हाउसिंगला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश तपासावेत. ते ढिले असतील तर चाक जमिनीवर आदळत उड्या मारू लागते, आणि त्या धक्क्यांनी उत्तम डिफरेन्शियलसुद्धा फुटते.

कुलपाचे प्रकार

क्लच-प्लेटची रचना सर्वांत जुनी आणि मस्टँगला सर्वांत ओळखीची आहे. अ‍ॅक्सलला जोडलेल्या आणि पेटीला जोडलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना दाबून धरते; ८.८ इंचीमध्ये ही स्प्रिंग इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची आहे. एका चाकाला दुसऱ्यापेक्षा वेगळ्या वेगाने फिरायचे असेल, तर त्याला या चकत्यांचे घर्षण मोडून काढावे लागते. स्प्रिंगचा हा कायमचा दाब, ज्याला प्रीलोड म्हणतात, क्लच-प्लेटच्या रचनेचे खरे बळ आहे: एक चाक हवेत उचलले गेले तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतोच. तिची किंमत झिजेत मोजावी लागते. चकत्या घासल्या जातात, तेलात घर्षण सौम्य करणारे खास द्रव्य मिसळावे लागते, आणि ते विसरले तर पार्किंगमध्ये हळू वळताना मागून खडखड ऐकू येते. ट्रॅक्शन-लॉकच्या चकत्या स्वस्तात बदलता येतात, आणि ज्याची गाडी बहुतेक वेळ शांतपणे चालते त्याने नव्या डिफरेन्शियलवर पैसे घालण्याआधी हा उपाय जरूर करावा. बाजारात कार्बन चकत्यांची अधिक टिकाऊ आवृत्तीही मिळते.

जपानी गाड्यांच्या हौशी लोकांकडून वन-वे, वन-पॉइंट-फाइव्ह-वे आणि टू-वे हे शब्द ऐकू येतात, ते याच प्रकाराचे आहेत. यांत पेटीच्या आत उतरत्या खाचा असतात. त्यांतील आडवी पिन टॉर्क आला की खाचेवर चढते आणि चकत्या आणखी दाबते. खाच फक्त वेग घेण्याच्या बाजूने उतरती असेल तर वन-वे, वेग कमी करण्याच्या बाजूनेही तितकीच असेल तर टू-वे, आणि त्या बाजूने कमी असेल तर मधला प्रकार. टू-वेमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून वळणात शिरतानाही चाके बांधलेली राहतात, त्यामुळे गाडी वळायला कुरकुरते. गाडी मुद्दाम घसरवणाऱ्याला हे हवेसे वाटते. बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला ते नको.

दुसरा मोठा प्रकार हेलिकल गिअरचा. वर्नन ग्लीसमन या अमेरिकी संशोधकाला १९५८ मध्ये मिळालेल्या पेटंटातून टॉर्सेन हे नाव पुढे आले. टॉर्क ओळखणारे या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची ती जोडणी आहे. यात चकत्या नसून तिरप्या दातांची गिअरे आहेत, आणि टॉर्क वाढला की दातांच्या तिरपेपणामुळे ती पेटीच्या भिंतीवर दाबली जाऊन अडतात. इंजिन जितका जोर लावेल तितकी पकड वाढते आणि जोर सोडला की ती आपोआप सैल होते, त्यामुळे वळणात शिरताना गाडी मोकळी राहते. घासून संपणारे भाग यात जवळजवळ नाहीत, आवाज नाही आणि घर्षणाचे द्रव्यही लागत नाही. ईटनचे ट्रूट्रॅक, क्वाइफ आणि टॉर्सेनचा टी-२ प्रकार ही मस्टँगवाल्यांच्या ओळखीची नावे याच कुळातील आहेत.

या कुळाला एक आकडा लागू होतो आणि खरेदीच्या वेळी तो विचारला पाहिजे. घसरणारे चाक जितका टॉर्क सोसते, त्याच्या किती पट पकड असलेल्या चाकाकडे जाऊ शकतो, असे ते गुणोत्तर आहे. वरचे उदाहरण पुढे नेऊ. रंगाच्या पट्ट्यावरचे चाक २०० न्यूटन-मीटर सोसते. गुणोत्तर २.५ असेल तर दुसऱ्या चाकाला ५०० मिळतील आणि गाडीला एकूण ७००. गुणोत्तर ४ असेल तर ८०० आणि २०० मिळून १०००. ओपनमध्ये ही बेरीज ४०० होती. परंतु शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच येते: ट्रॅकच्या कडेवर आतले चाक पूर्ण उचलले गेले, तर साधे हेलिकल डिफरेन्शियल ओपनसारखेच हतबल होते. अशा वेळी ब्रेकवर हलकासा पाय ठेवला की उचललेल्या चाकाला थोडा प्रतिकार मिळतो आणि गुणाकाराला पुन्हा धरायला काही सापडते. टॉर्सेनच्या टी-२आर या ट्रॅककडे झुकणाऱ्या प्रकारात म्हणूनच प्रीलोड वाढवलेला आहे आणि वेव्हट्रॅक नावाच्या डिफरेन्शियलमध्ये त्यासाठी लाटेसारख्या कडांची वेगळी युक्ती आहे.

उरलेले प्रकार थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. डेट्रॉइट लॉकरसारखी दातेरी कुलपे दोन्ही चाके पूर्ण बांधतात आणि वळताना एका बाजूचे दात सोडतात. बळ प्रचंड, पण गल्लीत वळताना टकटक होते आणि वळणाच्या मध्यावर कुलूप लागले की गाडी झटका देते. महिंद्रा थारमध्ये मिळणारे यांत्रिक कुलूपही चिखल-दगडांसाठी आहे. एक चाक फार वेगाने फिरू लागल्यावर ते लागते, म्हणून वेगाच्या गाडीशी त्याची तुलना करू नये. स्पूल, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल कायमचे जखडणारा तुकडा, किंवा स्पायडर गिअर वेल्ड करून टाकणे, हे रस्त्यावरच्या गाडीत अजिबात करू नये. प्रत्येक वळणावर ते २.२८ मीटर टायर घासून भरावे लागतात, अ‍ॅक्सलवर अखंड पीळ येत राहतो आणि पावसात गाडी न सांगता आडवी होते.

माझे मत विचाराल तर जी मस्टँग वर्षातील बहुतांश दिवस रस्त्यावर असते तिला हेलिकल प्रकार सर्वांत योग्य आहे. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतील शर्यतीच्या, पट्टीवर चिकट टायर लावून पाच हजार आरपीएमवर क्लच सोडण्याची सवय असेल, तर मात्र क्लच-प्लेट घ्याव्यात, कारण तसे धक्के हेलिकलच्या दातांना मानवत नाहीत.

३.७३ चा मोह

मस्टँगवाल्यांच्या गप्पांत सर्वाधिक चर्चा रेशोची होते. ३.७३ म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. क्राउनवर ४१ दात आणि पिनियनवर ११, म्हणून हा भागाकार. ३.५५ मध्ये ३९ आणि ११, ४.१० मध्ये ४१ आणि १०, तर ३.०८ मध्ये ४० आणि १३ दात असतात. आकडा मोठा झाला की प्रत्येक गिअरमधील जोर त्याच प्रमाणात वाढतो. ३.०८ वरून ३.७३ वर गेल्यास ही वाढ सुमारे २१ टक्के आहे, आणि तेवढ्याच वेगाला इंजिनही २१ टक्के अधिक फिरते.

ही २१ टक्के कोठे उपयोगी पडते, हे आधीच्या गणिताने दाखवले आहे. पहिल्या गिअरमध्ये ती टायरचा धूर करण्यात जाते. दुसऱ्या गिअरमध्ये, ज्याचा गुणक साधारण २ आहे, ३.०८ वर जमिनीवर सुमारे ६५० किलोचा जोर पोहोचतो आणि ३.७३ वर ८००, म्हणजे पकडीच्या काठावर. तिसऱ्या गिअरपासून पुढे मात्र पूर्ण वाढ चाकांना पेलते, आणि गाडी चपळ झाल्यासारखी वाटते ती तेथे.

दुसरे पारडे महामार्गाचे आहे. ताशी ११० किलोमीटरला या मापाचे चाक मिनिटाला सुमारे ८९५ फेरे घेते. पाचवा गिअर ०.६८ चा आहे. तेव्हा २.७३ ला इंजिन साधारण १६६० आरपीएमवर फिरेल, ३.०८ ला १८७०, ३.५५ ला २१६०, ३.७३ ला २२७० आणि ४.१० ला २४९०. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे एकाहून कमी गुणकाचा, असल्यामुळे ३.७३ सुद्धा असह्य होत नाही. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नसता तर तोच आकडा ३३०० च्या पुढे गेला असता. म्हणून इतरांनी कोणता रेशो घातला हे विचारण्यापेक्षा आपल्या शेवटच्या गिअरचा गुणक, टायरचा घेर आणि नेहमीचा वेग घेऊन हा गुणाकार स्वतः करावा. खाली टॉर्क भरपूर असलेल्या जुन्या पाच लिटर इंजिनाला ३.५५ किंवा ३.७३ शोभतो. १९९६ पासूनच्या मस्टँग जीटीतील ४.६ लिटरचे इंजिन अधिक फिरून जोर देणारे आहे, त्याला त्याहून मोठा आकडा चालतो. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवणाऱ्याने उलट लहान आकड्याकडे जावे, कारण त्याच्याजवळ जोर आहेच, त्याला प्रत्येक गिअरमध्ये थोडा अवकाश हवा असतो. मी ३.७३ घातला आणि तो ठेवला आहे, पण रोज शंभर किलोमीटर महामार्गावर जायचे असते तर ३.५५ घेतला असता.

आपल्या गाडीत आज काय आहे, हेही आधी पाहून घ्यावे. मागच्या कव्हरच्या एका बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते. तिच्यावर ३एल०८ आणि ८८ असे लिहिलेले असेल तर रेशो ३.०८, मधल्या एल अक्षराचा अर्थ लिमिटेड-स्लिप, आणि क्राउन ८.८ इंची. पण तीस वर्षांत आतील भाग बदललेले असू शकतात, म्हणून दोन्ही मागची चाके उचलून, ती सोबत एक फेरा फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजणे अधिक खात्रीचे. रेशो बदलल्यावर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवू लागतो. या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघणाऱ्या केबलवरचे प्लास्टिकचे छोटे गिअर बदलून ते दुरुस्त करतात.

खरेदीच्या वेळी एक आकडा आणखी जुळवावा लागतो. या मस्टँगच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला २८ खाचा असतात, तर अधिक बळकट अ‍ॅक्सल ३१ खाचांचे मिळतात. ते साधारण दहा टक्के जाड असतात, आणि पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढत असल्यामुळे दहा टक्के जाडी ताकदीत सुमारे ३३ टक्के भर घालते. डिफरेन्शियल २८ खाचांचे घेतले आणि दोन वर्षांनी ३१ चे अ‍ॅक्सल घ्यावेसे वाटले, तर डिफरेन्शियलही पुन्हा घ्यावे लागते. या हाउसिंगमध्ये अ‍ॅक्सलला आतून इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची क्लिप धरून ठेवते, म्हणून अ‍ॅक्सल क्लिपच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकासह बाहेर सरकू शकतो. ताकदवान इंजिन असलेल्या मालकाने ३१ खाचांचा विचार करावा तो यासाठी. केवळ वेगासाठी नव्हे.

बसवणारा हात

एवढे सगळे योग्य निवडूनही काम बिघडू शकते, आणि माझे बिघडले ते येथे. एका गॅरेजने नवा क्राउन-पिनियन बसवून दिला आणि गाडी ताशी ७० किलोमीटरपासून घुमू लागली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो घुमार थांबे आणि दाबला की परत येई. पिनियनची खोली चुकली होती. सगळे उघडून पुन्हा करावे लागले आणि दुसऱ्यांदा मी कामाच्या जागी उभा राहून पाहिले.

क्राउन आणि पिनियन जोडीने घासून तयार केलेले असतात, आणि ते एकमेकांत किती खोल बसतात यावर सर्व काही अवलंबून असते. पिनियनखाली शिम, म्हणजे पातळ धातूच्या चकत्या, घालून तो क्राउनच्या मध्याकडे किंवा दूर सरकवला जातो. क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या शिम बदलून दातांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, ठरवली जाते. ती मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाची असते आणि नेमका आकडा गिअरच्या खोक्यातील कागदावर छापलेला असतो. मग दातांवर रंगीत लेप लावून क्राउन फिरवतात आणि ठसा कोठे उमटतो ते पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर, उंचीच्या आणि लांबीच्याही, यायला हवा. तो दाताच्या टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला असेल, तर सगळे पुन्हा काढून शिम बदलायच्या. पिनियनच्या बेअरिंगचा दाबही मोजून द्यावा लागतो. हाताने फिरवून बरोबर वाटते म्हणून सोडून देणे, हा घुमारासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे काम घाईत होत नाही, आणि ज्या मेकॅनिकने मला उमटलेला ठसा दाखवला नाही त्याच्याकडे मी गाडी परत नेणार नाही.

जुनी बेअरिंगे आणि सील तशीच ठेवून पैसे वाचवू नयेत, कारण हाउसिंग पुन्हा उघडण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते. तेल कोणते घालायचे तेही डिफरेन्शियलच्या प्रकारावर ठरते. क्लच-प्लेटला घर्षण सौम्य करणारे द्रव्य आवश्यक, तर ट्रूट्रॅकला ते घालू नये आणि साधे खनिज गिअर तेलच वापरावे, असे त्याचे निर्माते सांगतात. टाकीत जे आहे ते सर्वांना चालेल, असे समजू नये.

नव्या दातांना पहिले दिवस जपावे लागते. पहिल्यांदा वीस-तीस किलोमीटर शांतपणे चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे आणि असे दोन-तीन वेळा करावे, कारण नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात आणि त्या उष्णतेत पृष्ठभागाचा कडकपणा जाऊ शकतो. पुढील सातशे-आठशे किलोमीटर जागेवरून झेपा टाळाव्यात आणि जड ट्रेलर ओढू नये. त्यानंतर पहिले तेल काढून टाकावे. या हाउसिंगला खाली तेल सोडण्याचा बोल्ट नाही, मागचे कव्हरच उघडावे लागते, आणि त्याचा फायदा असा की आत डोकावता येते. तळाच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर दात नीट बसले आहेत. बोटांना टोचणारे चकचकीत कण लागले, तर कव्हर परत लावू नये; मेकॅनिकला त्याच दिवशी बोलवावे.